निरसं दूध

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

आईंचा ताप पुन्हा आला. तिसरी खेप. संध्याकाळी साडेपाचला १०२. सकाळी याच बाई शेळ्या घेऊन माळावर गेल्या होत्या, येताना डोक्यावर बाभळीच्या पाल्याचा भारा! मी म्हटलं, आई, अंग चटका देतंय. तर म्हणे, 'उन्हाचं हाय.' आभाळ भरून आलेलं, ऊन कुठलं?

किटवर मलेरिया नाही. तरी रक्ताची काच घेतली. बोट टोचताना त्या भिंतीकडे बघत होत्या. शेळीच्या पोटात हात घालून आडवं पिल्लू सरळ करणारी माझी सासू सुईला घाबरते.

आशाताई म्हणून साखऱ्यातल्या दीडशे घरांचा ताप मी मोजते. आणि माझ्याच घरातला ताप मला कळेना.

१५ सप्टेंबर

सकाळी ताप नाही. पण लुगडं घामानं असं भिजलेलं की पिळून दोरीवर टाकलं. 'एवढं काय न्हाई झालं मला,' म्हणाल्या आणि शेण काढायला निघाल्या. हाताला धरून बसवलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सेनगावला दाखवलं. टायफाइड म्हणाले. तीन दिवस सलाईन. रत्नपालनं तीन दिवस हिंगोलीच्या फेऱ्या बंद ठेवल्या, जीप दवाखान्यासमोर उभी. (इथे नावानं लिहिते. तोंडावर मात्र 'अहो'च.) हा माणूस बोलत नाही, नुसता आईच्या पायथ्याशी बसून राहतो. आई म्हणाल्या, 'ह्याला घेऊन जा माय, ह्याचं तोंड पाहून मला जास्त ताप यायला.'

जेवण जात नाही. जातं ते फक्त शेळीचं दूध. रोज सकाळी मी धार काढते आणि फेसासकट ग्लास त्यांच्या हातात देते. निरसंच, तापवायचं नाही हा त्यांचा कायदा. चुलीवर ठेवलं की दुधातला जीव जातो म्हणतात. शेळी माळावरचा शंभर प्रकारचा पाला खाते, म्हणून तिचं दूध औषध. अर्धा ग्लास मलाही असतो, पहिल्यापासून. गावातही कुणाला डेंग्यू झाला की पेशी वाढायला आमच्याच दारात ग्लास घेऊन येतात, आणि आई कुणाला नाही म्हणत नाहीत.

२९ सप्टेंबर, रविवार

पाच दिवस झाले, ताप नाही. टायफाइडच होता म्हणायचा.

आज काळी व्याली. पहिलं पिल्लू धडधाकट. दुसरं लुळं पडलेलं, श्वास नाही. मला वाटलं गेलं. आईंनी ते मांडीवर घेतलं, नाकाला तोंड लावून आतला चिकटा ओढला, थुंकला, मग हळूहळू फुंकर घालत राहिल्या. मधेच स्वतःलाच दम लागला, थांबल्या, पुन्हा सुरू. मी म्हणत होते, आई सोडा आता. 'गप ऱ्हा,' म्हणाल्या. आणि ते शिंकलं!

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. यंदा श्रावणात तांबडीनं गाभ टाकला, पाठोपाठ मोरडीनं. दोन्ही वेळेला आईंनी वार हातानं काढली, पिल्लं फडक्यात गुंडाळून लिंबाखाली पुरली आणि दिवसभर जेवल्या नाहीत. म्हणून आजचं शिंकलेलं पिल्लू संध्याकाळपर्यंत त्यांच्या पदरात होतं. मी त्याचं नाव शिंकऱ्या ठेवलं. आईंना पसंत नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

ताप परत. १०१, काल १०२.४.

उद्या दसरा. दरवर्षी आई नागपूरला जातात. लग्न होऊन आल्यापासून एकदाही चुकलं नाही म्हणतात, रत्नपाल पोटात असतानाही गेल्या होत्या. यंदा पांढरं लुगडं धुऊन घडी करून ठेवलं होतं. सकाळी विहारापासून ट्रॅक्स निघाली तेव्हा ओट्यावर बसून सगळ्यांना हात केला. आत आल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मी पाय चेपत राहिले. तशाच पडून म्हणाल्या, 'कंबर तुटून राहिली माय. बसवत न्हाई, उठवत न्हाई.'

वजन केलं. उन्हाळ्यात ४८ होतं. आज ४१. काटा बिघडला असेल म्हणून आधी मी उभी राहिले. काटा बरोबर आहे.

१६ ऑक्टोबर, बुधवार

गावातल्या दिपाला बाळंतपणाला घेऊन पहाटे सेनगावला गेले. सव्वानऊला मुलगी. पावणेतीन किलो. दिपाची आई म्हणाली, आशाताईच्या हाताला यश आहे.

हाताला यश आहे. माझ्याच पोटाला नव्हतं. २०२१ ला चौथा महिना, २०२२ ला तिसरा. सोनोग्राफी झाली, सगळे रिपोर्ट चांगले, कारण कुणी सांगितलं नाही. दोन्ही वेळेला आईंनी मला न्हाऊ घातलं, बाळंतिणीसारखं डोकं बांधलं. शेजारच्या पार्वतीबाई एकदा बोलून गेल्या, 'सून दुसऱ्याची लेकरं मोजत फिरते, घरात पाळणा न्हाई.' आईंनी तिथल्या तिथं सुनावलं होतं, 'माझी सून हायात हाय, मला तेवढं पुरे.' त्या दिवसापासून मी या बाईची झाले. खरं सांगायचं तर नवऱ्याच्या आधी मी आईंवर जीव लावला. इथं कोण वाचतंय!

दोन्ही खेपेला पहाटे अंथरुणापाशी येऊन ग्लास पुढे करायच्या. 'तेवढं घे. अंगात ताकद यील.' आज दवाखान्याच्या पायरीवर बसून तेच आठवत होते.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

हिंगोली. एक्स-रे, थुंकी, रक्त, लघवी. टीबी नाही. कावीळ नाही. साखर नाही. डॉक्टर कागदांवरून मान वर न करता म्हणाले, वयानं होतं असं. आईंचं वय अठ्ठावन्न! परवा परवा बाभळीवर चढून पाला तोडत होत्या.

जीपमध्ये आई म्हणाल्या, 'काही निघत न्हाई ना? मग सोडा आता. तुम्हाला लई तकलीफ देऊन राहिले मी.' रत्नपालनं गाडी बाजूला घेतली, उतरला, रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. पाच मिनिटांनी परत येऊन बसला. डोळे लाल. 'नांदेडला जाऊ,' एवढंच.

१ नोव्हेंबर

दिवाळी दिवाळी म्हणून आसपास फटाके. आईंना १०३. कपाळावर पट्ट्या.

४ नोव्हेंबर, सोमवार

नांदेड. तिथली डॉक्टर माझ्याहून लहान असेल. तिनं आधीचे कागद पाहिले नाहीत, बाजूला ठेवले. आईंचा हात हातात घेतला, तळवा उलटा-सुलटा करून पाहिला. म्हणाली, 'मावशी, घरी जनावरं कोणती?'

चार महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

आई एकदम सावरून बसल्या. सात शेळ्या, तीन पिल्लं, कोणती किती दूध देते, सगळं सांगितलं. डॉक्टरनं विचारलं, कुणी गाभ टाकला का? टाकला. हातानं काढलंत? 'मंग काय चमच्यानं?' दूध तापवून पिता? 'न्हाई बाई, निरसं.' शिंकऱ्याची गोष्टही रंगवून सांगितली, नाकातून कसा चिकटा ओढला ते. डॉक्टर हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, एक वेगळी तपासणी करू.

९ नोव्हेंबर, शनिवार

नाव कळलं. ब्रुसेलोसिस. आजारी शेळीच्या निरशा दुधातून येतो, गाभ टाकल्यावर वार-पाणी हाताळलं तर येतो. ताप चढतो, उतरतो, पुन्हा येतो, कंबर धरते. सगळं, अगदी सगळं आईंसारखं.

बरा होतो! दोन प्रकारच्या गोळ्या, सहा आठवडे, एक दिवस चुकवायचा नाही. मधेच सोडल्या तर ताप परत येतो आणि मणक्यात जाऊन बसतो, मग उठणं मुश्कील. डॉक्टरनं हे तीनदा सांगितलं. घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं. शेळ्यांचंही तपासून घ्या, तोवर विकू नका म्हणाली.

आई म्हणाल्या, 'माझ्या शेळ्यांचा ताप? मला?' जसं काही पोटच्या पोरानं चोरी केली असं सांगितलंय.

आणि मी? माझ्या तापाच्या फॉर्मवर रांजण किती, डबकी किती, टायर किती, सगळे रकाने आहेत. गोठ्याचा रकाना नाही. नाही म्हणून मी विचारलं नाही. ग्लास तर रोज मीच भरून देत होते, ताप असतानाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आमच्याकडून दूध नेणाऱ्या अकरा घरी जाऊन आले. उकळल्याशिवाय पिऊ नका, ताप असेल तर सांगा. पार्वतीबाई म्हणाल्या, 'इतके दिस औषध म्हून दिलं, आता जहर म्हून राहिली व्हय?' म्हटलं, चुकलं माझं, पण आता उकळा. त्यांच्या नातवाला ताप नाही, पाहून आले. अकराही घरांत कुणाला नाही.

आपल्या घरात आता दूध तीन उकळ्या आल्याशिवाय चुलीवरून उतरत नाही. आईंनी एक घोट घेतला. 'मेलेलं दूध,' म्हणाल्या. पण प्यायल्या.

१७ नोव्हेंबर, रविवार

चौथा दिवस, ताप नाही. गोळीनं लघवी लाल होते हे सांगायला मी विसरले. सकाळी आई परसातून ओरडत आल्या, 'शिला, माझं रगत जाऊन राहिलं!' समजावलं तर इतक्या हसल्या की खाली बसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. दीड भाकरी खाल्ली, वर ठेचा मागितला.

माझं या बाईवर फार प्रेम आहे. लिहून ठेवते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

नांदेडला दाखवायला गेलो. रत्नपालचं रक्त स्वच्छ. तो चहाशिवाय दूध पीत नाही, तेवढ्यावर वाचला. माझ्या रक्तात निघाला. उन्हाळ्यापासून सांधे दुखायचे, कधी कणकण यायची, मी ते फिरण्यावर ढकलत होते. मलाही गोळ्या. ठीक आहे, त्याचं काही नाही.

मग डॉक्टरनं विचारलं, मूल? मी सांगितलं, दोनदा राहिलं, चौथ्यात आणि तिसऱ्यात गेलं. तिनं पेन खाली ठेवलं. 'तेव्हाही हेच दूध?'

मी तोंड उघडायच्या आत आई बोलल्या. स्टुलावर ताठ बसून, अभिमानानं. 'व्हय तर! रोज पहाटे मीच देत होते हिला. बिनचूक. ताकद यावी म्हून.'

डॉक्टरनं खुर्ची माझ्याकडे ओढली. मग जपून जपून म्हणाली की या आजारानं गर्भ जाऊ शकतो, पण तुमचा त्यानंच गेला असं आता कुणीही सांगू शकणार नाही. आता औषध पूर्ण करा, पुढे काही अडचण नाही. ती चांगलं बोलत होती. मी आईंकडे बघत होते. त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं.

वाटेत औंढ्याला रत्नपालनं चहा आणून दिला. आईंनी हातात धरला आणि तसाच थंड होऊ दिला.

१९ नोव्हेंबर

आज मला आईंचा राग आला. खोटं कशाला लिहू. दुपारभर होता. भांडी आपटली. मग त्या विळीपाशी कांदा घेऊन नुसत्याच बसलेल्या दिसल्या, आणि राग कुठे गेला कळलं नाही. विळी काढून घेतली.

२३ नोव्हेंबर, शनिवार

या बुधवारी मतदानाच्या केंद्रावर ओआरएसची पाकिटं घेऊन दिवसभर बसले होते, दोन दिवस त्याच गडबडीत गेले. आज आईंचं लुगडं धुवायला घेतलं तर पदराच्या गाठीत गोळ्या. पाच दिवसांच्या. लाल वेगळ्या, पिवळ्या वेगळ्या. टाकूनही देववल्या नाहीत बिचारीला.

विचारलं. आई जमिनीकडे बघत म्हणाल्या, 'ती दोन लेकरं माझ्या हातानं गेली. मी काहून बरी होऊ?'

मी म्हटलं, डॉक्टर म्हणाली ना, नक्की सांगता येत नाही. 'मला सांगता येतं,' म्हणाल्या. 'माझ्या सुनेनं टाकला, मंग तांबडीनं गाभ टाकला, मंग मोरडीनं. सारं एकाच घरात. मला आधी काहून दिसलं न्हाई?'

रत्नपाल दाराशी उभा होता. आला आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. चाळीस वर्षांचा माणूस. आईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. पण गोळी घेतली नाही.

२४ नोव्हेंबर

दोन वेळा गोळी पुढे केली, दोन्ही वेळा हात बाजूला केला. शेळ्यांकडेही जात नाहीत. दावणीला सगळ्या त्यांच्या आवाजाची वाट बघत ओरडतायत. पाणी मी पाजलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

संध्याकाळी ९९.८. नांदेडला फोन लावला. डॉक्टर म्हणाली, आजच्या आज पुन्हा सुरू करा, कसंही करून. मी म्हटलं, त्या घेत नाहीत. का, तर कसं सांगू तिला? म्हटलं, बघते.

विहारातून रत्नपालचे मामा येऊन समजावून गेले. पार्वतीबाई आल्या, त्याही समजावून गेल्या. माझं तर सगळं सांगून झालंय. तुमचा दोष नाही, कुणाला माहीत होतं, मी तुमच्यावर रागावले नाही, पुढे होईल, नातू खेळवायला तुम्हीच लागणार. सगळं ऐकतात. मान हलवतात. आणि ग्लासातलं पाणी तसंच.

त्यांना माझी माफी नको आहे. त्यांना ते घडलेलंच नको आहे.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी आईंपाशी बसून म्हटलं, एक चोरी सांगायची आहे, रागावू नका. दोन्ही खेपेला तुम्ही दूध द्यायच्या ना, ते मी पीत नव्हते. दिवस गेले की मला त्याचा वास सोसायचा नाही. तुमची पाठ वळली की मोरीत. रक्तात निघालंय ते नंतरचं, नंतर पुन्हा प्यायला लागले म्हणून.

आई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'चोट्टे, माझ्या शेळ्यांचं दूध मोरीत वतलं?' आणि पाठीत एक धपाटा घातला, माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडल्या. मग तोंड पुसून गोळ्या मागितल्या. लाल आणि पिवळी, दोन्ही.

एक थेंब ओतला नव्हता मी. फेसही बोटानं पुसून खायची.